जुन्या फायरवायर हार्ड डिस्क नव्या संगणकाला जोडून संकलन करता येईल का?

दिवेघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी कोथरूडला राहतो आणि गेली अनेक वर्षे माहितीपट व नाट्यप्रयोगांच्या चित्रीकरणाचे संकलन करतो. २००८ ते २०१३ या काळात आम्ही चारपाच मित्रांनी दरवर्षी पालखीबरोबर पुण्यापासून सासवडपर्यंत चालत वारीचे चित्रीकरण केले होते. त्यातले पहिल्या दोन वर्षांचे फुटेज एचडीव्ही (छोट्या कॅसेटवरचे एचडी चित्रीकरण) टेपवरून उतरवलेले आहे आणि पुढचे डीएसएलआरवरचे असून तेव्हाच प्रोरेस ४२२ या संकलनासाठीच्या व्हिडिओ-स्वरूपात रूपांतरित करून ठेवलेले आहे. यंदा आषाढीपूर्वी त्या सगळ्यातून पाऊण तासाचा एक माहितीपट तयार करायचा आहे.

अडचण अशी आहे की हे सारे फुटेज पाच जुन्या बाह्य हार्ड डिस्कवर आहे आणि माझ्याकडे आता एम४ चिपचा मॅक मिनी आहे, ज्याला डिस्क जोडायला मागेपुढे केवळ टाइप-सी आकाराची पोर्ट आहेत. साधे चौकोनी यूएसबी पोर्टसुद्धा त्याला नाही. डिस्क अशा आहेत: ५०० जीबीच्या दोन, ज्यांना फायरवायर ८०० चे (मॅकवर पूर्वी असणाऱ्या वेगवान जोडणीचे) पोर्ट आहे; २५० जीबीची एक बरीच जुनी, जिला फक्त फायरवायर ४०० (त्याचीच आधीची, धीमी आवृत्ती) आहे; २ टीबीची एक, जिच्या आत दोन डिस्क आहेत आणि मागे ई-साटा (बाह्य डिस्क जोडायचा आणखी एक प्रकार) लिहिलेले आहे; आणि १ टीबीची एक खिशात मावणारी, २०१३ साली घेतलेली.

मागच्या शनिवारी तपकीर गल्लीत गेलो होतो. एका दुकानदाराने फायरवायर ८०० चे टोक एका बाजूला आणि यूएसबीचे टोक दुसऱ्या बाजूला असलेली केबल दिली व 'हमखास चालेल' असे सांगितले. घरी येऊन तिला टाइप-सी कन्व्हर्टर लावून जोडणी केली. डिस्कचा दिवा लागला, पाती फिरल्याचा आवाजही आला, पण संगणकाला काहीही दिसले नाही. डिस्क बिघडली, केबल वाईट आहे, की मुळात माझीच समजूत चुकते आहे? आणि हे जमल्यास थेट त्या डिस्कवरूनच संकलन करता येईल का?

तारांचा_गुंता

ती केबल आधी काढून बाजूला ठेवा आणि पुन्हा लावू नका. तुमची डिस्क बहुधा ठीक आहे. दोष केबलच्या कल्पनेतच आहे. फायरवायर आणि यूएसबी यांच्यात केवळ टोकाच्या आकाराचा फरक नसून दोन्हींची बोलण्याची पद्धत संपूर्ण वेगळी आहे. त्यामुळे मध्ये भाषांतर करणारी चिप नसेल, तर नुसत्या तारा जोडून काहीच साध्य होत नाही. त्यातून फायरवायरच्या वीजवाहिनीवर ८ पासून ३० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि यूएसबी ५ व्होल्टवर चालते, हे लक्षात घेतले तर अशी केबल निरुपयोगी तर आहेच, शिवाय धोक्याचीही आहे. तुमच्या डिस्कला स्वतःचा वीजपुरवठा असल्याने बहुधा निभावले.

आतापर्यंत या प्रश्नाचे अधिकृत उत्तर म्हणजे अडॅप्टरांची माळ होती. थंडरबोल्ट ३ (मॅकवरची वेगवान जोडणी, टोक टाइप-सीचेच) वरून थंडरबोल्ट २ चा एक अडॅप्टर, त्यापुढे थंडरबोल्टवरून फायरवायर ८०० चा दुसरा, आणि डिस्क ४०० ची असेल तर पुढे नऊ पिनांवरून सहा पिनांवर जाणारी केबल. दोन्ही अडॅप्टर ॲपलचेच होते. ही माळ नव्या चिपच्या मॅकवरही चालत असे. मात्र २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहो या आवृत्तीतून फायरवायरचा आधारच काढून टाकलेला आहे. तुमच्या मॅक मिनीवर टाहो असेल, तर ही माळ विकत घेण्यात पैसे घालवू नका. त्याआधीची सिकोया असेल तर मार्ग खुला आहे, परंतु तेवढ्याकरिता दोन महागडे अडॅप्टर घेणे मला पटत नाही. शिवाय थंडरबोल्ट २ चे टोक आणि मिनी डिस्प्लेपोर्टचे टोक दिसायला अगदी सारखे असते आणि दुकानात त्यांची सर्रास अदलाबदल होते. मिनी डिस्प्लेपोर्टच्या कन्व्हर्टरमधून फक्त पडद्यावरचे चित्र जाते, त्याला डिस्क जोडता येत नाही.

आता माझा एक प्रश्न. फायरवायर ८०० च्या त्या दोन डिस्कच्या मागे आणखी कोणती पोर्ट आहेत, ते नीट पाहून सांगाल का? त्या काळातल्या बहुतेक डिस्कना एकाच वेळी दोनतीन प्रकारची पोर्ट दिलेली असत.

दिवेघाट

टाहोच आहे, त्यामुळे माळेचा प्रश्न मिटला.

टॉर्च घेऊन मागची बाजू पाहिली. तुमचा अंदाज बरोबर निघाला. दोन्ही डिस्कना फायरवायरची दोन पोर्ट आहेत आणि त्यांच्या शेजारी एक लहानसे, खाली निमुळते होत जाणारे पोर्ट आहे, ज्यात मी इतकी वर्षे कधी काही लावल्याचे आठवत नाही. त्यावर यूएसबीचे त्रिशूळासारखे चिन्ह आहे. २ टीबीच्या डिस्कला ई-साटाच्या जोडीला छपाईयंत्राला असते तसे जाड चौकोनी यूएसबी पोर्ट आहे. २५० जीबीच्या डिस्कला मात्र फायरवायर ४०० ची दोन पोर्ट सोडून खरोखरच काही नाही.

आणखी एक: ५०० जीबीच्या दोहोंपैकी एका डिस्कचा वीजपुरवठ्याचा अडॅप्टर हरवला आहे. घरातल्या जुन्या लॅपटॉपच्या अडॅप्टरची पिन तिच्यात अगदी घट्ट बसते. तो लावला तर चालेल का?

एक_ओम

लॅपटॉपचा अडॅप्टर कृपा करून लावू नका. बाकीचे नंतर वाचा, हे आधी वाचा.

पिन बसते याचा अर्थ दाब जुळतो असा होत नाही. लॅपटॉपचे अडॅप्टर साधारणपणे १९ व्होल्टचे असतात आणि साडेतीन इंची डिस्कच्या केसिंगला सहसा १२ व्होल्ट लागतात. दहा वर्षांपूर्वी मी स्वतः, दुरुस्तीच्या टेबलावर तीन अडॅप्टर शेजारी शेजारी पडलेले असताना, न बघता त्यातला एक उचलून एका मित्राच्या डिस्कला लावला होता. टक् असा आवाज झाला, जळका वास आला आणि डिस्क गप्प झाली. सुदैवाने बहुतेक हार्ड डिस्कच्या सर्किटवर वीज आत येते त्या ठिकाणी दाब वाढल्यास स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या भागाला वाचवणारा एक लहानसा डायोड असतो. मीटर लावल्यावर तोच शॉर्ट झालेला सापडला. तो सोल्डरिंग गनने उचलून काढला आणि बरोबर १२ व्होल्ट दिले, तेव्हा डिस्क फिरली. मित्राच्या मुलीच्या बारशापासूनचे सगळे चित्रीकरण त्यावर होते. मात्र दर वेळी डायोडच जातो आणि बाकी सर्व शाबूत राहते, असे मुळीच नाही.

म्हणून केसिंगच्या खालची पट्टी वाचा. तिच्यावर व्होल्ट, अँपिअर आणि पिनच्या आत धन आहे की ऋण, हे दाखवणारी छोटी आकृती असते. व्होल्ट आणि ध्रुव तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर लिहिल्यापेक्षा अधिक असले तर हरकत नाही, कमी नकोत. काही जुन्या केसिंगला गोल, चारपाच पिनांचे टोक असते आणि त्यातून १२ व ५ व्होल्ट वेगवेगळे येतात. तसे असेल तर अंदाजाने काहीही लावण्यापेक्षा डिस्क केसिंगमधून काढून साटा डॉकमध्ये (सुटी डिस्क बसवून यूएसबीने जोडायच्या उपकरणात) बसवणे अधिक सुरक्षित आहे.

२५० जीबीच्या डिस्कलाही केसिंगमधून बाहेरच काढावे लागेल. आत रुंद चपटी पट्टी लागणारी, साटाच्या आधीच्या पद्धतीची आयडीई डिस्क असण्याची शक्यता मोठी आहे. आयडीई आणि साटा दोन्हींना चालणारा यूएसबी अडॅप्टर मिळतो, फक्त त्याच्यासोबत १२ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा आहे ना, हे पाहून घ्या, कारण साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. डिस्कच्या मागच्या जंपरची, म्हणजे डिस्कची भूमिका ठरवणारी छोटी, पिन 'मास्टर'वर ठेवा. ती 'स्लेव्ह'वर राहिली तर डिस्क फिरते पण दिसत नाही, आणि माणूस उगाच डिस्कला दोष देत बसतो.

रात्रपाळी

एक सोपा मार्ग कोणी अजून सुचवलेला दिसत नाही. २०१२ च्या मध्यात आलेला, डीव्हीडी ड्राइव्ह असलेला १३ इंची मॅकबुक प्रो कोणाकडे असेल तर तो आठवडाभरासाठी मागून घ्या. ते यंत्र दोन पिढ्यांच्या सांध्यावर उभे आहे. त्याला फायरवायर ८०० आहे आणि यूएसबी ३ सुद्धा आहे. एका बाजूने जुनी डिस्क फायरवायरवर लावायची, दुसऱ्या बाजूने नवी एसएसडी यूएसबी ३ वर लावायची आणि मध्ये कोणताही कन्व्हर्टर न ठेवता कॉपी करायची. तुमच्या २५० जीबीच्या डिस्कचे केसिंगसुद्धा मग उघडावे लागणार नाही, कारण फायरवायर ८०० च्या पोर्टाला ४०० ची डिस्क फक्त केबल बदलून लागते.

माझ्याकडे असा एक लॅपटॉप आहे. मी लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या एका संकलनगृहात रात्रीच्या पाळीला असतो. संध्याकाळी सातनंतर येऊन घेऊन जा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली म्हणजे नवी एसएसडी मॅक मिनीवर एपीएफएसमध्ये (मॅकच्या नव्या डिस्क-पद्धतीत) फॉरमॅट करून आणू नका. एपीएफएस २०१७ साली आले आणि माझ्या लॅपटॉपवरची प्रणाली त्याहून जुनी आहे, तिला ती एसएसडी वाचताच येणार नाही. 'मॅकओएस एक्स्टेंडेड' निवडा, ते दोन्हींकडे चालते. दुसरी गोष्ट, फायरवायर ४०० ची सहा पिनांची पिन जोर लावला तर उलटीही आत घुसते आणि मग पोर्ट जळते. निमुळती बाजू पाहूनच लावा. अंधारात, टेबलामागे हात घालून चाचपत लावू नका.

तारांचा_गुंता

रात्रपाळींचा मार्ग उत्तम आहे. पण ज्या डिस्कना यूएसबी आहे, त्या मॅक मिनीला आजच थेट लावता येतील, हेही सांगून ठेवतो. ५०० जीबीच्या डिस्कवरचे ते निमुळते पोर्ट यूएसबी मिनी-बी आहे. मिनी-बी ते टाइप-सी केबल बाजारात मिळते. पट्टीवरच्या माहितीप्रमाणे वीज द्या आणि जोडा, डिस्क दिसेल.

फरक पडेल तो वेगात. यूएसबी २ कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिटचे असले तरी प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइट हाती लागतात, तर फायरवायर ८०० वर साधारण ८० च्या आसपास मिळतात. म्हणजे ५०० जीबी भरलेली डिस्क यूएसबी २ वरून उतरवायला सुमारे चार तास लागतील आणि फायरवायरवरून पावणेदोन. एकदाच करायचे काम असेल तर चार तास म्हणजे काही फार नाही. रात्री लावून झोपावे. २ टीबीच्या डिस्कला मात्र याच हिशेबाने सोळा तासांच्या आसपास लागतील.

१ टीबीच्या लहान डिस्कला रुंद, मध्ये खाच असलेले मायक्रो-बी पोर्ट असेल. ती यूएसबी ३ आहे आणि योग्य केबल लावल्यास डिस्कच्या पूर्ण क्षमतेने, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास चालेल. येथे 'योग्य केबल' या शब्दांवर माझा भर आहे. गेल्या वर्षी मी नवी कोरी एसएसडी घेतली आणि ती सेकंदाला ३८ मेगाबाइटच देते म्हणून तीन दिवस चिडचिड केली. शेवटी लक्षात आले की मी मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल वापरत होतो. तिचे टोक टाइप-सी असले तरी आतल्या तारा यूएसबी २ च्याच असतात.

सातारारोड

मी विंडोजवाला. माझ्याकडेही मित्राने दिलेली मॅकची जुनी डिस्क आहे. जोडल्यावर 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' असे येते. करू का?

एक_ओम

अजिबात नाही. ती डिस्क मॅकच्या एचएफएस प्लस (म्हणजेच मॅकओएस एक्स्टेंडेड) पद्धतीची असेल आणि विंडोजला ती वाचता येत नाही, एवढाच त्या सूचनेचा अर्थ आहे. 'रद्द करा' दाबा. विंडोजवर एचएफएस प्लस वाचून देणारे सॉफ्टवेअर मिळते किंवा एखाद्या मॅकवर लावून एक्सफॅट (मॅक व विंडोज दोन्हींना चालणारी पद्धत) केलेल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. एफएटी ३२ निवडू नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि व्हिडिओच्या फाइली त्याहून मोठ्या असतातच.

मॅकवाल्यांनाही हेच सांगणे आहे. जुनी डिस्क लावल्यावर ती टाइम मशीनच्या बॅकअपसाठी वापरायची का, असा प्रश्न पडद्यावर आला तर 'नाही' म्हणा. शिवाय डिस्क जोडताक्षणी स्पॉटलाइट तिच्यावरच्या हजारो फाइलींची अनुक्रमणिका करायला लागतो आणि म्हाताऱ्या डिस्कचे मुख अकारण इकडून तिकडे धावत राहते. सेटिंगमध्ये जाऊन ती डिस्क स्पॉटलाइटच्या शोधातून आधी वगळा.

२ टीबीच्या डिस्कबद्दल राहिले होते. आत दोन डिस्क असून संगणकाला जर ती एकच २ टीबीची दिसत असेल, तर केसिंगमधली चिप माहितीचे तुकडे दोन्हींवर वाटून लिहीत असणार. अशा वेळी आतली एक डिस्क काढून डॉकला लावली तर हाती काहीच लागत नाही. ते केसिंग शाबूत आहे तोवर त्यातूनच माहिती काढून घ्या. तेच खिशातल्या लहान डिस्कचेही. काही कंपन्यांच्या अशा डिस्कमध्ये यूएसबीची चिप माहिती कूटबद्ध करून लिहीत असते, मग तुम्ही पासवर्ड ठेवलेला असो वा नसो. तिचे केसिंग फोडून डिस्क वेगळी केली तर आतले वाचता येत नाही. काहींत तर साटाचे पोर्टच नसते, यूएसबीचे पोर्ट डिस्कच्या सर्किटवरच सोल्डर केलेले असते.

फिरतीखुर्ची

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. थेट जुन्या डिस्कवरून संकलन का करू नये? आम्ही २०१० मध्ये याच फायरवायर ८०० वर तासातासाचे कार्यक्रम कापले आहेत. एचडीव्हीला सेकंदाला साडेतीन मेगाबाइटसुद्धा पुरतात. १०८०पी, २५ फ्रेमचे प्रोरेस ४२२ सेकंदाला १२२ मेगाबिट म्हणजे सुमारे १५ मेगाबाइट मागते. यूएसबी २ वरूनसुद्धा असे दोन प्रवाह आरामात वाहतील. कॉपी करण्यात वेळ आणि नव्या एसएसडीत पैसे घालण्याची खरोखर गरज आहे का?

रात्रपाळी

तुमचे आकडे बरोबर आहेत, तरी मी असहमत आहे.

संकलन म्हणजे एक लांब फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणे नव्हे. टाइमलाइनवर तीन सेकंदांचा टाळकऱ्यांचा शॉट, लगेच दोन सेकंदांचा पायांचा, त्यावर वेगळ्या फाइलमधला आवाज आणि वर लहान चित्रांच्या पट्ट्या, असे सगळे एकाच वेळी मागितले जाते. दर उडीला डिस्कच्या मुखाला नवी जागा गाठायला दहाएक मिलिसेकंद लागतात आणि त्या वेळात एकही फ्रेम वाचली जात नाही. सलग वाचनाचा ३५ मेगाबाइटचा आकडा अशा उड्यांत कुठल्या कुठे जातो. तुम्ही २०१० मध्ये कापलेत ते खरे, पण तेव्हा त्या डिस्क एकदोन वर्षांच्या होत्या. आज त्याच डिस्क पंधरा वर्षांच्या आहेत. त्यांच्यावर दिवसातून आठ तास, आठवडाभर मुख नाचवायचे, की एकदाच सरळ रेषेत वाचून घ्यायचे? मला दुसरे पसंत आहे. जुनी डिस्क संकलनासाठी जोडायचीच नाही, ती रिकामी करण्यापुरती जोडायची.

आणि यंदा यांनी फोरकेमध्ये काही नवे चित्रित केले असेल तर तेच प्रोरेस ४२२ सेकंदाला सुमारे ६१ मेगाबाइट मागू लागते. तेथे यूएसबी २ चा प्रश्नच संपला.

फिरतीखुर्ची

डिस्कच्या वयाचा मुद्दा मान्य. उड्यांचाही. तरीसुद्धा केवळ दोनचार शॉट हवे असणाऱ्याने अख्खी डिस्क उतरवत बसू नये, एवढे माझे म्हणणे मी मागे घेत नाही.

कसबापेठ_ध्वनी

कॉपी झाल्यानंतरचे लिहितो, कारण माझे नुकसान तेथेच झाले आहे. फाइंडरमध्ये फोल्डर ओढला, पट्टी भरली, आवाज आला, आणि मी मूळ डिस्क पुसून टाकली. सहा महिन्यांनी एका एकांकिकेची फाइल उघडली तर अकराव्या मिनिटाला अडकते. आकार बरोबर, नाव बरोबर, आत मात्र बिघाड.

तेव्हापासून मी चेकसम (फाइलीच्या आतल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) घेतल्याशिवाय मूळ डिस्कला हात लावत नाही. मॅकवर टर्मिनलमध्ये आरसिंक ही कॉपी करण्याची आज्ञा असते. ते एकदा साध्या पद्धतीने चालवून कॉपी करायची आणि मग दुसऱ्यांदा चेकसमचा पर्याय देऊन चालवायचे, म्हणजे ते दोन्हीकडच्या फाइली पुन्हा पूर्ण वाचून पडताळते. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. लागू द्या.

डिस्क वाचताना मध्येच अडत असेल, किंवा ठरावीक अंतराने टकटक करत असेल, तर ओढून कॉपी करण्याचा आग्रह सोडा. टकटक असेल तर वीज बंद करून ती जाणकाराकडे न्या. नुसती अडत असेल तर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, कठीण जागा नोंदवून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांवर परत येऊन पुन्हा प्रयत्न करते. नोंदीची फाइल ठेवली असेल तर मध्ये लाइट गेली तरी जेथे थांबले तेथूनच पुढे चालू करता येते. आणि हो, पावसाळ्याच्या तोंडावर हे काम करणार असाल तर सगळे यूपीएसवर लावा.

तारांचा_गुंता

एक लहानशी सूचना. नव्या एसएसडीवर जुन्या डिस्कचेच नाव आणि फोल्डरांची तीच रचना ठेवा, म्हणजे जुना प्रोजेक्ट उघडल्यावर फाइली शोधून देण्याचे काम पुष्कळ कमी होते. फायनल कट ७ (मॅकवरचे संकलनाचे जुने सॉफ्टवेअर) चे प्रोजेक्ट नव्या फायनल कटमध्ये थेट उघडत नाहीत. रात्रपाळींच्या लॅपटॉपवर फायनल कट ७ असेल तर तेथेच प्रोजेक्टची एक्सएमएल फाइल काढून घ्या. जुन्या कोडेकमधल्या (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीतल्या) ज्या फाइली नवा मॅक उघडणार नाही, त्या एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने प्रोरेसमध्ये बदलता येतात. मूळ फाइल मात्र पुसू नका.

दिवेघाट

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण मध्ये फक्त कॉपी, कॉपी आणि कॉपी चालू होती.

रात्रपाळींकडून लॅपटॉप आणला. ४ टीबीची एसएसडी घेतली आणि सांगितल्याप्रमाणे मॅकओएस एक्स्टेंडेडमध्ये फॉरमॅट केली. ५०० जीबीची पहिली डिस्क फायरवायर ८०० वरून दोन तासांच्या आत उतरली. दुसरीच्या पट्टीवर १२ व्होल्ट, २ अँपिअर आणि आत धन अशी आकृती सापडली. ती पट्टी मोबाइलवर छायाचित्र काढून दुकानात दाखवली आणि तसाच अडॅप्टर आणला. या वेळी दुकान वेगळे होते. २ टीबीची डिस्क यूएसबी २ वरून मॅक मिनीला लावली, ती संध्याकाळी सहाला सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता संपली. खिशातली डिस्क तर टाइप-सी केबल बदलल्याबरोबर धावू लागली. आधी मीही मोबाइलचीच केबल लावली होती, हे येथे कबूल करतो.

अडली ती २५० जीबीची. फायरवायर ४०० वर ती लगेच दिसली, फोल्डरही उघडले, पण '२००९ दिवे घाट' या फोल्डरपाशी कॉपी थबकली आणि दहा मिनिटे हलेना. टकटक नव्हती. कसबापेठ_ध्वनी यांनी लिहिल्याप्रमाणे डीडीरेस्क्यू लावले. पहिल्या फेरीत जवळजवळ सर्व आले. पुढच्या फेऱ्यांना दोन रात्री लागल्या आणि अखेर अडीच मेगाबाइटच्या आसपास भाग वाचता न येणारा राहिला.

पुढे मी चिकाटीने तो भाग कोणत्या फाइलीत येतो ते शोधले. घाटाच्या वळणावर उभे राहून वरून घेतलेला शॉट आहे. खालून दिंड्या वर चढत आहेत, पताकांची एक रेघ वळणावळणाने दिसते, आणि बरोबर पालखीचा रथ चौकटीत शिरतो त्या क्षणी चित्राचे चौकोन होऊन फुटतात. साधारण सेकंदभर. मग पुन्हा सगळे स्वच्छ, रथ अर्धा पुढे गेलेला.

बाकी सर्व फुटेज चेकसमने पडताळून झाले आहे. या एका सेकंदावर काही उपाय आहे का?

कसबापेठ_ध्वनी

पहिल्या दोन वर्षांचे टेपवर होते असे तुम्ही वर लिहिले आहे. २००९ ची टेप ठेवली आहे का?

दिवेघाट

हे मला सुचलेच नव्हते! आत्ता माळ्यावर चढून बूट ठेवायच्या खोक्यातून अकरा टेपा काढल्या. त्यातली एक दिवे घाटाची आहे, माझ्याच अक्षरात लिहिलेली. कॅमेराही आहे आणि टेप त्यात फिरते. पण या कॅमेऱ्यातून एचडीव्ही बाहेर काढायचे तर तेही फायरवायरनेच, त्याची लहान चार पिनांची पिन. म्हणजे लॅपटॉप परत करायची घाई नको. रात्रपाळी, आणखी आठवडाभर ठेवून घेतला तर चालेल का? चार पिनांवरून नऊ पिनांची केबल मी शोधतो.

रात्रपाळी

ठेवा. केबल माझ्या कपाटात आहे, येऊन घेऊन जा. आयमूव्हीची जुनी आवृत्ती लॅपटॉपवर आहे, तिच्यातून टेप उतरवता येईल. तासाच्या टेपेला तासच लागतो, घाई करता येत नाही. टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, इतकी वर्षे एकाच जागी राहिल्याने पट्टी चिकटलेली असू शकते. आणि लॅपटॉपची बॅटरी जवळपास संपलेली आहे, तेव्हा तो यूपीएसवरच लावा.